वाचक विचारतात : रेंज फुल, तरी नेट का रडतं?

मागच्या अंकात वायफाय, मोबाईल, वायरलेस याबद्दल काय ते विचारा असं लिहिलं आणि ईमेल, व्हॉट्सॲप, पोस्टाची पत्रं असा ढीगच आला. निम्म्याहून जास्त जणांचं गाऱ्हाणं एकच, रेंज फुल दाखवते पण नेट चालत नाही. म्हणून आधी तेच घेतो आणि ते जरा सविस्तर घेतो, बाकीचे मागून.

प्रश्न : चवथीला डिचोलीच्या आमच्या मूळ घरी सगळं कुटुंब जमतं, मुंबई-पुण्याहून दीर-जावा, पोरंटोरं, पंचवीसेक माणसं आणि प्रत्येकाच्या हातात फोन. एरवी १०० एमबीपीएसचं फायबर मस्त चालतं, पण त्या दिवसांत राउटरच्या समोर बसलं तरी व्हिडिओ गोल गोल फिरतो. यंदा ३०० चा प्लॅन घेऊ का?

उत्तर : ताई, प्लॅन वाढवू नका. पैसे जातील आणि व्हिडिओ फिरायचा तो फिरेलच, कारण अडलंय ते फायबरमध्ये नाही, राउटर आणि फोन यांच्या मधल्या हवेत अडलंय. एका चॅनलवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या एका पट्ट्यावर, एका वेळी एकालाच बोलता येतं, दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया. म्हणून प्रत्येक फोन आधी ऐकतो, कोणी बोलत नाही ना बघतो, मग एक कुठलातरी आकडा धरून ९-९ मायक्रोसेकंदाच्या टप्प्यांनी उलटा मोजत येतो आणि शून्याला पोचला की आपलं पाकीट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, सोडतो. राउटरही असंच करतो. यात पाळी सगळ्यांना सारखी मिळते, पण वेळ सारखा मिळत नाही, आणि खरी गोची तिथेच आहे.

हिशोब करून बघा. राउटरजवळच्या फोनला १५०० बाइटचं एक पाकीट ३०० एमबीपीएसने पाठवायला ०.०४ मिलिसेकंद लागतो. राजांगण ओलांडून मागच्या पडवीत पाय पसरून रील बघत बसलेल्या भाच्याचा फोन मात्र रेंज कमी म्हणून ६ एमबीपीएसवर उतरलेला असतो, त्याला तेच पाकीट द्यायला २ मिलिसेकंद. म्हणजे भाच्याच्या एका पाकिटात तुमची ५० पाकिटं गेली असती (पाकिटामागचा वरखर्च यात धरलेला नाही). आता चवथीच्या आरत्यांना काय होतं, प्रत्येकाला एकेक आरती सुरू करायचा मान असतो, पण एक काका आपली अशी काही लांबवतात की घुमट वाजवणाऱ्याचे हात दुखायला लागतात आणि नैवेद्य थंड होतो, तसंच हे. आणि फोनवरच्या रेंजच्या दांड्या तुम्हाला फक्त राउटरचा आवाज किती मोठा येतोय तेवढं सांगतात, हवा किती भरलीय हे त्या सांगतच नाहीत.

फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या मार्टिन ह्यूस आणि सोबत्यांनी २००३ मध्ये हे मोजून दाखवलं होतं. त्या वेळच्या ११ एमबीपीएसच्या वायफायवर एकच जण १ एमबीपीएसवर घसरला की बाकीचे सगळे, राउटरला चिकटून बसलेलेसुद्धा, १ एमबीपीएसच्याही खाली येतात. इलाज यायला बरीच वर्षं गेली. स्वीडनच्या कार्लस्टाड विद्यापीठातला टोके हॉयलँड-यॉर्गनसेन आणि त्याच्यासोबतच्या मंडळींनी २०१७ मध्ये लिनक्समध्ये, म्हणजे पुष्कळ राउटर ज्या सिस्टिमवर चालतात तिच्यात, असं केलं की राउटरने पाकिटं मोजायची नाहीत, कोणी किती वेळ हवा अडवली ते मोजायचं आणि वेळ सारखा वाटायचा. नवा राउटर घेताना त्याला आठ अँटेना आहेत का हे बघण्यापेक्षा ही सोय आहे का ते बघा, सेटिंगमध्ये एअरटाइम फेअरनेस असं काहीसं नाव असतं. (ते कोळ्यासारखे दिसणारे राउटर शोकेसमध्ये छान दिसतात, एवढंच म्हणेन.)

तोवर आहे त्या राउटरवर दोन गोष्टी करा. २.४ गिगाहर्ट्झवरचे ८०२.११बी या जुन्या वायफायचे मंद स्पीड बंद करता येत असतील तर बंद करा, कारण राउटर आपलं नाव सेकंदाला साधारण दहा वेळा पुकारत असतो आणि ते तो सगळ्यात मंद स्पीडने पुकारतो, म्हणजे कोणी काही बघत नसलं तरी हवा खर्च होतेच. आणि भाच्याला एकतर माजघरात बोलवा नाहीतर पडवीत वायर ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीतून आलेलं नेट वायफायने देणारा डबा, लावा. वायफाय ६ मध्ये एक २० मेगाहर्ट्झचा चॅनल ९ तुकड्यांत वाटून ९ जणांना एकदम थोडं थोडं देता येतं, गर्दीला ते चांगलं आहे, पण फोनही त्याच जातीचे हवेत आणि घरातले सगळे फोन काही तसे नसणार.

प्रश्न : चिऱ्याच्या जाड भिंती, म्हणून रिपिटर घेतला. रेंज आली पण स्पीड अर्धा. दुकानदार म्हणतो मेश घ्या. (फोंडा)

उत्तर : मास्तर, एकाच रेडिओचा रिपिटर तेच पाकीट आधी ऐकतो आणि मग त्याच चॅनलवर परत बोलतो, म्हणजे हवेत ते दोनदा गेलं, अर्धा स्पीड होणारच. मेशमध्ये, म्हणजे घरभर ठेवलेल्या जोडीदार राउटरांमध्ये, एकमेकांशी बोलायला वेगळा रेडिओ असेल तर फरक पडतो, नसेल तर तो महागडा रिपिटरच आहे. आणि जुन्या घरातला चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी पिऊन बसतो, ५ गिगाहर्ट्झ त्यात फार लवकर मरतं. माळ्यावरून, कौलांच्या खालून एक कॅट-६ वायर ओढा आणि पलीकडे साधा ॲक्सेस पॉइंट लावा. इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या दिवसाचं काम, आणि वायरीतून जे गेलं तेवढी हवा मोकळी.

प्रश्न : मी घरून काम करते. स्पीड टेस्टला आकडा चांगला येतो, पण फोनचे फोटो क्लाउडवर चढायला लागले की मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो. (पर्वरी)

उत्तर : यात वायफायचा दोष थोडा, रांगेचा जास्त. तुमच्या मोडेम-राउटरमध्ये पाकिटं साठवायची जागा असते, ती कंपन्या सढळ हाताने देतात. समजा १० लाख बाइटची रांग आहे आणि वर जायची लाइन २ एमबीपीएसची, तर रांग भरली की शेवटच्या पाकिटाला ४ सेकंद थांबावं लागतं. तुमचा आवाज त्या फोटोंच्या मागे उभा आहे. काहीही हरवत नाही, नुसता उशीर होतो, म्हणून स्पीड टेस्टला सगळं छान दिसतं. जिम गेटीस नावाच्या गृहस्थाने २०१० च्या सुमारास यावर बोंब मारायला सुरुवात केली आणि कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल म्हणून एक उपाय काढला. रांग किती लांब आहे ते बघायचंच नाही, पाकीट किती वेळ तिष्ठत उभं राहिलं ते बघायचं, आणि तो वेळ १०० मिलिसेकंदभर सतत ५ मिलिसेकंदाच्या वर राहिला की एखादं पाकीट सरळ टाकून द्यायचं. पाठवणारा समजतो आणि हळू होतो. राउटरमध्ये रांग आवरणारं एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यू असं काही असलं तर चालू करा आणि अपलोडची मर्यादा लाइनच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. नसेल तर मीटिंगच्या वेळात फोटोंचा बॅकअप बंद, हा फुकटातला उपाय आहेच.

प्रश्न : पाऊस सुरू झाला की आमचं वायफाय स्लो. दमट हवेत लहरी शोषल्या जातात ना? (वाळपई)

उत्तर : घरातल्या घरात, नाही. तासाला १०० मिलिमीटर असा आमच्या जुलैतला धो धो पाऊस धरला तरी ५ गिगाहर्ट्झचं नुकसान किलोमीटरमागे अर्ध्या डेसिबलच्या आसपास, आणि तुमच्या घरात लहर जाते पंधरा-वीस मीटर. पण टॉवरवरच्या गोल डिशा २० गिगाहर्ट्झच्या आसपास चालत असतील तर त्याच पावसात किलोमीटरमागे १० डेसिबलहून जास्त जातात, म्हणजे पॉवर दहाव्या हिश्श्यावर. त्यामुळे घरात नेट कुठून येतं ते आधी बघा. फायबर असेल तर जॉइंटमध्ये पाणी किंवा केबलवर पडलेली फांदी, आणि छपरावरच्या अँटेनावर येत असेल तर समोरचा ओला माड. जूनच्या आधी वाट मोकळी करून घ्या.

प्रश्न : घरच्या ५ गिगाहर्ट्झ वायफायचं नाव फोनमधून दिवसातून मधेच गायब होतं आणि थोड्या वेळाने आपोआप येतं. राउटर बदलून बघितला, तेच. (चिखली, वास्को)

उत्तर : राउटर बिचारा नियम पाळतोय. चॅनल ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ ही जागा रडारची पण आहे, तिथे वायफायने पाहुणा म्हणून राहायचं. राउटरने आधी मिनिटभर ऐकायचं, रडार वाटलं तर १० सेकंदांत चॅनल सोडायचा आणि अर्धा तास परत फिरकायचं नाही. पुष्कळदा रडार नसतानाही भास होतो, पण विमानतळ आणि बंदर दोन्ही उशाला असलेल्या गावात हाच संशय आधी घ्यावा. चॅनलचं ऑटो सेटिंग काढा आणि ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यातला चॅनल हाताने लावा.

प्रश्न : इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वायरलेस नेटवर्कचा परफॉर्मन्स सुधारणे असा विषय घ्यायचाय, पण सगळं आधीच झालंय असं वाटतं, आणि लॅबमध्ये महागडी उपकरणं नाहीत. (फर्मागुढी)

उत्तर : अरे, सगळं झालंय असं वाटणं हे कमी वाचल्याचं लक्षण, रागावू नको. मुळापासून सुरुवात कर. १९७१ मध्ये हवाई बेटांवर नॉर्मन अब्रामसनने बेटाबेटांवरचे टर्मिनल रेडिओने जोडले, अलोहानेट. नियम इतका सोपा की हसू येईल, पाकीट तयार झालं की सोडायचं, पोच आली नाही तर थोडं थांबून परत सोडायचं. गणित केल्यावर कळलं की यात चॅनलचा जास्तीत जास्त १८ टक्केच उपयोग होतो, सगळ्यांनी एकाच घड्याळाच्या ठोक्यावर बोलायचं ठरवलं तर ३६-३७ टक्के. मग आधी ऐकून बोलायची कल्पना आली, पण १९७५ मध्ये टोबागी आणि क्लाइनरॉक यांनी तिच्यातली फट दाखवली, दोन उपकरणांना एकमेकांचा आवाज पोचत नसेल तर ऐकून काय उपयोग, दोघंही हवा मोकळी समजून बोलतात आणि मधल्याच्या कानात गोंधळ.

हाच प्रयोग कर, खर्च अगदी थोडा. तीन ईएसपी-३२ बोर्ड (वायफाय असलेले छोटे बोर्ड) घे. दोन बोर्ड पॉवर कमी करून चिऱ्याच्या जाड भिंतीच्या किंवा जिन्याच्या दोन बाजूंना असे ठेव की ते एकमेकांना ऐकणार नाहीत, तिसरा अशा जागी की त्याला दोघंही ऐकू येतात. ईएसपी-नाउ, म्हणजे या बोर्डांची राउटरविना आपसात बोलायची पद्धत, वापरून दोघांनी नंबर घातलेली पाकिटं ब्रॉडकास्टने (सगळ्यांना उद्देशून) सोडायची, ब्रॉडकास्टलाच, कारण त्यात पोच नाही आणि आपोआप परत पाठवणं नाही, त्यामुळे हरवलेलं पाकीट लपत नाही. आधी एकेकाला एकटं सोडून किती हरवतात ते मोज, नाहीतर रेंजमुळे गेलेलं टकरीच्या खात्यात पडेल. मग दोघं एकदम. मग दोघांना एकमेकांच्या ऐकण्यात आणून परत. हेच एनएस-३ सिम्युलेटरमध्ये कर आणि दोन्हींचे आकडे शेजारी ठेव, ते जुळणार नाहीत, आणि का जुळत नाहीत हाच तुझा प्रोजेक्ट.

आणि उपकरणांचं रडगाणं नको. आज प्रत्येक राउटरमध्ये जे मिमो आहे, एकाच चॅनलवर अनेक अँटेनांनी वेगवेगळा डेटा, त्यामागच्या मूळ कल्पनेचं १९९४ चं पेटंट आरोग्यस्वामी पॉलराज यांच्या नावावर आहे, आणि तो माणूस आधी आपल्या नौदलात पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारवर काम करत होता. २०१४ चा मार्कोनी पुरस्कार त्यांना मिळाला. वाच त्यांच्याबद्दल.

प्रश्न : सावईवेऱ्याला कुळागर आहे, सुपारी, मिरी, केळी. मातीचा ओलावा घरी बसून कळावा म्हणून सेन्सर लावायचेत. वायफाय तिथवर पोचत नाही, सिमकार्ड दहा कोण भरणार?

उत्तर : भाऊ, तुमच्यासाठी लोरा, म्हणजे कमी बॅटरीत थोडाच डेटा पण लांबवर पाठवणारी रेडिओची पद्धत. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, आपल्याकडे लायसन लागत नाही, आणि फ्रिक्वेन्सी कमी असल्यामुळे झाडीतून वायफायपेक्षा बरं जातं. (ही पद्धतही ग्रेनोबलच्याच एका छोट्या कंपनीत जन्मली, त्या गावात काहीतरी आहे.) स्पीड मात्र विसरा. लांब पल्ल्याच्या सेटिंगला, एसएफ १२ म्हणतात त्याला, सेकंदाला जेमतेम ३०० बिट, आणि ओलाव्याचा एक छोटा आकडा पाठवायला एक-दीड सेकंद हवा अडते. जवळच्या पल्ल्याच्या एसएफ ७ ला तेच काम सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत. आणि गंमत बघा, हे सेन्सर ऐकून बिकून बोलत नाहीत, वरच्या पोराला सांगितलेला हवाईचा नियम, मनात आलं की बोला. म्हणून सगळ्यांना एसएफ १२ वर ठेवून मिनिटामिनिटाला बोलायला लावलंत तर दहा-वीस सेन्सरांतच एकमेकांवर आदळायला लागतील, बॅटरी संपेल ती वेगळी. विकणारा माणूस सगळं एसएफ १२ वर लावून 'बघा काय रेंज आहे' म्हणेल, लावू देऊ नका. गेटवेची, म्हणजे सगळ्या सेन्सरांचं ऐकून नेटवर चढवणाऱ्या डब्याची, अँटेना घराच्या कौलांच्या वर, जमेल तितकी उंच चढवा, म्हणजे जवळचे सेन्सर एसएफ ७ वर भागतील, खालच्या झरीकडचे एखाद-दोनच वर न्यावे लागतील. माती काही मिनिटाला सुकत नाही, अर्ध्या तासाला एक आकडा पुष्कळ, पावसाळ्यात तर दिवसाला दोन पुरेत. आणि चाचणी भर पावसात करा, मे महिन्यात सगळंच पोचतं.