टेबल टेनिसमध्ये बॅकहँड ब्लॉक बाहेर जातोय?
तुझा ब्लॉक टेबलाबाहेर जातोय तो ताकद कमी पडते म्हणून नाही, तू चेंडू मारायला जातोस म्हणून. समोरच्याच्या टॉपस्पिनमध्ये, म्हणजे पुढच्या दिशेने फिरत येणाऱ्या चेंडूत, वेग आधीच असतो, आपण बॅट नुसती वाटेत धरायची. टप्पा पडून चेंडू वर चढत असतानाच, पोटासमोर घे. बॅट थोडी झाकलेली, म्हणजे वरची कड पुढे झुकलेली हवी. लांब जात असेल तर आणखी झाक, जाळीत अडकत असेल तर जरा उघड. आणि पकड सैल! मी वर्षभर मूठ आवळून खेळलो, चेंडू दगडावर आपटल्यासारखा उडायचा. बॅकस्पिनवर, म्हणजे उलट्या फिरणाऱ्या चेंडूवर, मात्र हा ब्लॉक चालत नाही, तिथे पुशच, म्हणजे उघड्या बॅटने चेंडू खालून हलकेच पुढे ढकलायचा. सरावात जोडीदाराला एकाच जागी हळू टॉपस्पिन द्यायला सांग. सलग 20 परत गेले की मग जागा बदलायला लाव.