बिशप येणार, आणि मुलगा नाही म्हणतो

प्रिय मावशी,

आम्ही वसईच्या पश्चिम पट्ट्यातले. नवरा कुवेतला असतो, घरात मी, सासूबाई आणि पंधरा वर्षांचा मुलगा. दोन महिन्यांनी आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) बिशप दृढीकरण द्यायला येणार आहेत, म्हणजे कन्फर्मेशन, बाप्तिस्म्यानंतर तेल लावून विश्वास पक्का करायचा संस्कार. मुलांची यादी चर्चच्या फळ्यावर लागली आणि त्यात माझ्याच मुलाचं नाव नाही. फॉर्म त्याने भरलाच नव्हता. विचारलं तर म्हणाला, "मम्मी, देव आहे की नाही तेच मला नक्की माहीत नाही. सगळ्यांसमोर उभं राहून 'होय, माझा विश्वास आहे' असं खोटं कसं बोलू?"

मावशी, मी अकरा वर्षं धर्मशिक्षण देते. यंदा दृढीकरणाचा वर्ग माझ्याकडेच आहे, तो माझ्याच समोर बसतो. लोक म्हणतील, हिने दुसऱ्यांची पोरं घडवली आणि स्वतःचं हे असं. सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. नवऱ्याने सुट्टी टाकून तिकीट काढलंय. दुबईचे चुलतदीर धर्मपिता (गॉडफादर) म्हणून उभे राहणार होते, त्यांनी घड्याळ घेऊन ठेवलंय. शर्ट शिवायला टाकलाय. आणि हाच मुलगा दर रविवारी मराठी मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) कॉयरमध्ये कीबोर्ड वाजवतो! मी रागाने म्हटलं, कन्फर्मेशन नाही तर कीबोर्डही नाही. कपाटात कुलूप लावून ठेवलाय. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. फादरना काय सांगू? उद्या याच्या लग्नाला अडचण येईल का?

– एक आई

*

बाय,

आधी कपाट उघड आणि कीबोर्ड बाहेर काढ. बाकीचं मग बोलू.

दृढीकरण झालं नसेल तर चर्चमध्ये वाजवू नये असा नियम नाही, हे तुलाही माहीत आहे. ज्या पोराचा विश्वास डळमळतोय त्याचा चर्चशी जो धागा अजून घट्ट आहे, नेमका तोच तू कापायला निघालीस. तो विश्वासामुळे वाजवतो की संगीतामुळे की कॉयरमधल्या मित्रांमुळे, मला ठाऊक नाही. त्यालाही ठाऊक नसेल. पण दर रविवारी साडेसातला वेदीपासून दहा पावलांवर तो बसलेला असतो. माझ्या ओळखीच्या कितीतरी दृढीकरण झालेल्या तरुणांबद्दल मला एवढंही सांगता येणार नाही.

आता मूळ गोष्ट. त्या दिवशी काय होतं ते तू वर्षानुवर्षं शिकवत आलीस, आज एकदा बाई म्हणून न बघता आई म्हणून बघ. प्रवचन संपतं. मुलं उभी राहतात. तेल लावण्याआधी बिशप त्यांना स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची, वचनं पुन्हा द्यायला सांगतात: सैतानाचा त्याग करता का, पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवता का. पंधरा वर्षांपूर्वी हेच प्रश्न तुला, तुझ्या नवऱ्याला आणि धर्मपित्याला विचारले होते, कारण ज्याचा संस्कार तो तुझ्या कडेवर झोपला होता. तेव्हा उत्तर तुम्ही दिलंत. आता पाळी त्याची. तीस-चाळीस पोरं एका सुरात 'होय' म्हणतात, त्यात एखाद्याने नुसते ओठ हलवले तरी कुणाच्या ध्यानात येत नाही. कॉयरमध्ये बसणाऱ्या मुलाला हे कळत नसेल असं वाटतं तुला? सहज निभावून गेलं असतं. तरी त्याने फॉर्म कोरा ठेवला आणि कारण विचारल्यावर तुला खरं कारण सांगितलं. बाय, तुझ्या अकरा वर्षांच्या शिकवणीत प्रश्नाचा अर्थ नीट समजलेला निदान एक विद्यार्थी तरी निघाला. तो तुझ्याच पोटचा आहे याचं तुला दुःख होतंय, तेही मी समजू शकते.

चर्चचा कायदाही इथे तुझ्या मुलाच्या बाजूने आहे. १९८३ च्या धर्मसंहितेचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या पुस्तकाचं, कलम ८८९ काढून वाच. जाणत्या वयाच्या माणसाला दृढीकरण घ्यायचं तर शिक्षण हवं, मनाची तयारी हवी, आणि स्नानसंस्काराची वचनं स्वतः पुन्हा देता यायला हवीत. हजेरीचं कार्ड भरलंय आणि शर्ट शिवून झालाय, एवढ्यावर भागत नाही. आणि घरात सगळे जे म्हणत असतील, 'आत्ता उरकून घे, विश्वास काय, येईल मागाहून', त्यांना एवढंच विचार: मागाहून आला तर काय करायचं? स्नानसंस्कार, दृढीकरण आणि गुरुदीक्षा (धर्मगुरू होण्याचा संस्कार) हे तीन संस्कार आयुष्यात एकदाच मिळतात. पंचविसाव्या वर्षी त्याला खरोखर 'होय' म्हणावंसं वाटलं, तर ती जागा आधीच भरलेली असेल.

थांबायला मात्र कसलीच आडकाठी नाही. पुढच्या वर्षी घेता येतं, कॉलेजात असताना घेता येतं, मोठेपणी घेणारेही असतात. लग्नाचं म्हणशील तर कलम १०६५ म्हणतं की फार अडचण नसेल तर लग्नाआधी दृढीकरण घ्यावं. घेतलं नाही म्हणून लग्न अवैध ठरत नाही. अडेल ते एका ठिकाणी: कुणाच्या बाळाचा धर्मपिता व्हायचं झालं तर दृढीकरण झालेलं असावं लागतं. ते त्याला सांगून ठेव, धमकी म्हणून नको, माहिती म्हणून.

सासूबाईंची गोष्ट वेगळी, आणि तिथे मला थोडं थांबावंसं वाटतं. त्या सत्तरीच्या पुढच्या असतील असं धरून चालते. त्यांचं दृढीकरण झालं तेव्हा वसईचा वेगळा धर्मप्रांत (बिशपांचं क्षेत्र) नव्हता, तो झाला १९९८ साली. मुंबईहून मोठे गुरुस्वामी, म्हणजे बिशप, यायचे, सगळा विधी लॅटिनमध्ये, आणि शेवटी गालावर हलकी चापट. ख्रिस्तासाठी मार खायची तयारी ठेव, असा तिचा अर्थ लावत. त्यांना विचार, चापट अजून आठवत असेल. माझ्या आईला लाल लुगड्यातल्या म्हातारपणीही आठवायची, आणि गाल पुढे करून दाखवायची. चर्चमध्ये सुधारणा करणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७१ मध्ये विधी नव्याने बांधला गेला, चापट गेली, आणि वचनं उभ्याने स्वतः पुन्हा द्यायची पद्धत आली. म्हणजे बघ, जो प्रश्न नातवाला अडवतोय तो आजीला त्या वयात त्या वेदीसमोर कुणी विचारलाच नव्हता. तिच्या काळी लहान पोरांना रांगेत उभं करत, तेल लागे, चापट बसे, घरी येऊन गोडधोड खात. आणि तरी ती बाई आयुष्यभर रोज संध्याकाळी रोझरी सोडत नाही. तुझी सासू हा मुद्दा काढेल, 'आम्हाला कुठे काय कळत होतं, आमचं वाईट झालं का?' याला माझ्याजवळ खोडून काढणारं उत्तर नाही. आपल्या शेजारचे केरळी सिरो-मलबार लोक (तेही कॅथलिकच, पण पूर्वेकडच्या विधींचे) तर स्नानसंस्काराबरोबरच तान्ह्या बाळाला हे तेल लावतात. ती जुनी आणि पूर्ण मान्य परंपरा आहे. पण आपल्याकडे आता प्रश्न विचारायचं ठरलंय. प्रश्न विचारायचा असेल तर 'नाही' ऐकायची तयारी हवी, नाहीतर तो विचारूच नये.

सासूबाईंना हे कलमांच्या भाषेत सांगत बसू नकोस. नातवालाच त्यांच्याजवळ बसव. 'आजी, मला अजून कळत नाही, तू माझ्यासाठी प्रार्थना कर' एवढं जरी तो बोलला तरी त्या जेवतील.

आता तुझ्या पत्रातली एक ओळ, जी तू पटकन लिहून पुढे गेलीस: तो तुझ्याच वर्गात बसतो. दर रविवारी मिस्सा झाल्यावर तास-दीड तास तो आईसमोर बसून देवाबद्दल ऐकतो, वर्गमित्रांच्या देखत. शंका आली तर त्याने हात वर करून कुणाला विचारायची? 'बाई' म्हणून की 'मम्मी' म्हणून? मी स्वतः बरीच वर्षं हा वर्ग घेतला, आणि माझी मोठी लेक माझ्याच वर्गात होती. तिने वर्षभरात एकही प्रश्न विचारला नाही. मी मोठ्या अभिमानाने सगळ्यांना सांगत असे, हिला सगळं समजतं. पुढे लग्न झाल्यावर तिने सांगितलं की प्रश्न ती सिस्टरांना जाऊन विचारायची, मला कळू नये म्हणून मागच्या दाराने. तेव्हा फादरना भेटून यंदापुरता वर्ग बदलून घे. तुला ख्रिस्तशरीर संस्काराची (पहिल्या कम्युनियनची) चिमुरडी पोरं मिळाली तर बघ, तुलाही बरं वाटेल. तिथे निदान चेहऱ्यावरचे प्रश्न दिसतात.

हजेरीच्या कार्डाचंही कबूल करून टाकते. 'तीन रविवार चुकले तर नाव कटेल' असं मीही पोरांना दरडावलंय. कार्डं भरायची, पोरं यायची, मी खूश. काही वर्षांपूर्वी एका लग्नात जेवणाच्या रांगेत माझ्या मागे एक विद्यार्थी उभा होता, आता दोन मुलांचा बाप. हातात इंद्यालाची, म्हणजे आपल्या मटणाच्या झणझणीत रश्श्याची, ताटली. मी विचारलं, तुझ्या दृढीकरणाचं काही आठवतं का रे? खूप विचार करून म्हणाला, "बाई, नवे बूट चावत होते." त्याची हजेरी शंभर टक्के होती.

धर्मपित्याबद्दल. दुबईच्या दिरांचा तू उल्लेख केलास, घड्याळाचाही केलास. पण पंधरा वर्षांपूर्वी स्नानसंस्काराला जो माणूस तुझ्या शेजारी मेणबत्ती घेऊन उभा होता, त्याच्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. तो कुठे आहे? संहितेचं म्हणणं असं की स्नानसंस्काराचा धर्मपिताच शक्यतो दृढीकरणालाही असावा. आपल्याकडे मात्र दर संस्काराला नवा पाहुणा शोधायची रीत पडलीय, आणि निवड करताना भक्तीपेक्षा भेटवस्तूकडे डोळा असतो. राग मानू नकोस, मीही त्यातली आहे. त्या जुन्या धर्मपित्याला निरोप दे. पोराला समुद्रावर घेऊन जा म्हणावं, नाहीतर वाडीत केळी उतरवायला. देवाचा विषय त्याने स्वतः काढायचा नाही. पोरगा काढेल, न काढेल. आईबापापलीकडचं एक विश्वासाचं माणूस असावं, यासाठीच तर त्याला वेदीपुढे उभा केला होता. दिरांचं घड्याळ वाढदिवसाला चालेल.

एक-दोन गोष्टी करू नकोस. येशूच्या पुनरुत्थानावर शंका घेणाऱ्या संत थॉमसची गोष्ट त्याला सांगू नकोस, त्याने ती तुझ्याकडूनच दहा वेळा ऐकलीय. कार्लो अक्युटिसचा फोटो त्याच्या टेबलावर ठेवू नकोस. तोही पंधराव्या वर्षीच गेला, कम्प्युटरवेडा होता, २०२५ मध्ये संत झाला, सगळं खरं. पण तुझ्या मुलाला त्यात 'बघ, तो आणि बघ, तू' एवढंच दिसेल. कधी त्यानेच विषय काढला, तर मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये पुस्तकरूपात आली हे सांगता येईल. वर्षानुवर्षं आतून काळोख जाणवत असल्याचं त्यांनी आपल्या धर्मगुरूंना लिहिलं होतं, आणि चर्चने २०१६ मध्ये त्यांना संत म्हणून जाहीर केलं. पण त्याने विचारलं तरच.

आणि अगदी मोकळं सोडून दे असंही मी म्हणत नाही. रविवारची मिस्सा ही तुमच्या घरची रीत आहे, ती राहू दे. तो येतोय, त्याला तिथे भांडण नाही. पण निर्णय त्याचा असेल तर त्याचं ओझंही त्यानेच उचलायला हवं. बापाला फोन त्याने करायचा. 'पप्पा, तिकीट काढलंत पण मी कन्फर्मेशन घेत नाही' हे स्वतःच्या तोंडाने सांगणं पंधराव्या वर्षी सोपं नाही, आणि ते तू त्याच्या वतीने उरकू नकोस. नवऱ्याला मात्र आधी रात्री एकट्याने फोन करून तयार कर, म्हणजे पहिला शब्द शिवीचा निघायचा नाही. तिकीट रद्द करू देऊ नकोस. बाप घरी येतोय, त्याला कारण लागत नाही.

लोकांचं म्हणशील तर बोलतील. यादी लागली त्याच दिवशी बोलून झालं असेल. कुणी तोंडावर विचारलंच तर सांग, 'तो अजून विचार करतोय.' वाक्य खरं आहे, आणि पुढे विचारायला काही उरत नाही.

शेवटच्या आठवड्यात त्याचं मन पालटलं तर? असं होतं. तेव्हा 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' हे तोंडातून निघू देऊ नकोस. फादर ठरवतील घ्यायचं की पुढच्या वर्षी. आणि पालटलं नाही तर त्या दिवशी तो बहुतेक कॉयरमध्येच असेल, बाकीच्यांना तेल लागत असताना वाजवायला कुणीतरी लागतंच. तुला ते बघवणार नाही, हे मला कळतं. त्या एका मिस्साला मागच्या बाकावर बस.

राहिलं फादरना काय सांगायचं ते. तू काही सांगू नकोस. मुलाला पाठव, एकट्याला, कार्यालयाच्या वेळेत नको, संध्याकाळी. फादर ऐकून घेणारे असतील तर त्यांना असा मुलगा भेटल्याचा आनंदच होईल. नसतील, तर सिस्टरांकडे किंवा शेजारच्या धर्मग्रामातल्या धर्मगुरूंकडे पाठव. सायकलवर जाऊन येईल. तू बाहेर थांबू नकोस. घरी जा, शिंप्याला फोन कर आणि शर्टाच्या बाह्या दोन बोटं लांब ठेवायला सांग. या वयात हात भराभर वाढतात, नाताळापर्यंत तोकडा व्हायचा.

तुझी,
मावशी