फॉर्मवर ‘मासेमारी’च लिही

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी वाईट वाटलं, मग राग आला. सैन्यदलात अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीच्या पीआयक्यू फॉर्मवर, म्हणजे स्वतःची नि घरची माहिती भरायच्या कागदावर, वडिलांच्या व्यवसायापुढे ‘मासेमारी’ लिहू की ‘बिझनेस’, हा प्रश्न हर्णैसारख्या मासेमारीच्या बंदरातल्या मुलाला पडावा? चित्रावरून लिहायच्या, क्लासने दिलेल्या 20 तयार गोष्टी पाठ करू का, हा तुझा दुसरा प्रश्न. दोन्हींना उत्तर एकच. जे आहे तेच लिही.

दोनदा कॉन्फरन्स आऊट झालास, शेवटच्या दिवसापर्यंत पोचून निवड हुकली, म्हणजे बुद्धी कमी पडली असं नाही. एसएसबीत तिघे तुला तीन बाजूंनी पाहतात. मानसशास्त्रज्ञ तुझं लिहिलेलं वाचतो, मुलाखत घेणारा अधिकारी बोलणं ऐकतो, गटाची कामं घेणारा अधिकारी, म्हणजे जीटीओ, मैदानावरचं वागणं बघतो. मनसा, वाचा, कर्मणा म्हणतात ते हेच. शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला बसेपर्यंत तिघांचं मूल्यमापन वेगवेगळं चालतं. कागदावरचा मुलगा एक आणि मैदानावरचा दुसराच निघाला, की तिथे उघडं पडतं.

चित्रावरून गोष्ट लिहायच्या टीएटीत चित्र 30 सेकंद दिसतं, लिहायला 4 मिनिटं मिळतात. अशी 11 चित्रं आणि बारावं कोरं. पाठ केलेली गोष्ट चित्रावर बसवण्यातच निम्मा वेळ जातो, आणि मग प्रत्येक चित्रातला नायक रक्तदान शिबिर भरवत सुटतो. पाण्याकाठी दोन माणसं दिसली तर इंजिन बंद पडलेली होडी लिही ना! हाक कोणाला मारली, दोर कशाला बांधला, होडी किनाऱ्याला कशी आणली. नायक तुझ्या वयाचा आणि काम तडीस गेलेलं, एवढं पुरे. कोऱ्या चित्रासाठी गोष्ट आधी ठरवून ठेवायला हरकत नाही, पण ती तुझ्याच आयुष्यातली हवी.

शब्दावरून वाक्य लिहायच्या डब्ल्यूएटीत 60 शब्द, प्रत्येकी 15 सेकंद. ‘सी’ आला की ‘समुद्र धैर्य शिकवतो’ लिहून मोकळं व्हायचं, ही क्लासची सवय. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार कोणाचाच नसतो. ‘वारा बघून तांडेल जाळं टाकतो’ हे वाक्य तुझं आहे. अमुक प्रसंगात काय करशील ते विचारणाऱ्या एसआरटीत अर्ध्या तासात 60 प्रसंग. तिथे शूरपणा नको, त्या जागी तू खरंच जे करशील ते लिही आणि पुढे चल.

मला लोक हट्टी म्हणतात. मीही कित्येक वर्षं मुलांना तयार वाक्यं लिहून देत होतो, तेव्हा ती मदत वाटायची. त्याची खंत आहे, म्हणून आता एक ओळही लिहून देत नाही. पालकांना पटत नाही. न पटो.

मैदानावर तर सोंग टिकतच नाही. गटाने मिळून अडथळे ओलांडायच्या पीजीटीत फळी, बल्ली म्हणजे लाकडी वासा, दोर आणि सोबत न्यायचं एक ओझं मिळतं. 4 फुटांपेक्षा मोठं अंतर उडी मारून पार करायचं नाही, लाल रंगाला शिवायचं नाही. अंतर मोठं असलं की फळी पुढे काढून तिच्या मागच्या टोकावर कोणीतरी वजन द्यावं लागतं. क्लासची मुलं पुढे जाऊन ‘आयडिया’ ओरडतात, मागे कोणी थांबत नाही, फळी कलते आणि माणूस खाली. झाली पुन्हा सुरुवात. होडीला लावलेली फळी कोणीतरी दाबून धरल्याशिवाय टोपली उतरत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तसाच मागे उभा राहा, आणि पुढच्याला पाय कुठे टाकायचा ते सांग. जीटीओला ते दिसतं.

मुलाखतीत आठ-दहा प्रश्न एका दमात येतील: गुण, शिक्षक, मित्र, छंद, घर. फॉर्मवर ‘ट्रेकिंग’ लिहिलंस, तर शेवटचा गड कधी चढलास, सोबत कोण होतं, पाणी किती नेलं होतं, इथपर्यंत विचारतील. 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारीबंदीत तू वडिलांसोबत होडी शाकारतोस, जाळी दुरुस्त करतोस. त्यावर तुला अर्धा तास विचारलं तरी अडशील का? मग ते सोडून ट्रेकिंग कशाला, बाबा?

या आठवड्यात कोरा पीआयक्यू स्वतःच्या हाताने भर. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने तीन प्रश्न लिही, त्यांची उत्तरं आईला मोठ्याने सांग. ती जिथे हसेल ती ओळ खोड. मग त्याची झेरॉक्स मला पाठव, आणि ‘मासेमारी’ स्वच्छ अक्षरात असू दे.