अमेरिकेत बदकांच्या शिकारीसाठी कमी धक्क्याची, खिशाला परवडणारी शॉटगन कोणती घ्यावी?

गॅसवर चालणारी सेमी-ऑटो (दर बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी), २० गेज, म्हणजे नेहमीच्या १२ गेजपेक्षा बारीक नळीची. बार उडाल्यावरचा थोडा गॅस यंत्रणा फिरवण्यात खर्च होतो, त्यामुळे खांद्याला फटका न बसता ढकलल्यासारखं वाटतं. दर वेळी हाताने मागेपुढे ओढून काडतूस भरायची पंप गन स्वस्त मिळते खरी, पण तिचा सगळा धक्का तुमच्याच खांद्यावर. इनर्शियावाल्या, म्हणजे गॅसऐवजी धक्क्याच्याच जोरावर यंत्रणा फिरवणाऱ्या सेमी-ऑटो बंदुकाही जास्त झटकतात.

नवी परवडत नसेल तर वापरलेली बेरेटा ए३०० बघा. जुनी रेमिंग्टन ११०० फारच मऊ चालते, पण १९९१ पासून तिथे पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छरे बंद आहेत. त्यांच्याऐवजी सहसा स्टीलचे वापरतात, आणि जुन्या फुल चोकच्या, म्हणजे तोंडाशी खूप आवळलेल्या नळीतून ते मारू नका, नळी खराब होते.

हलकी बंदूक घेण्याचा मोह टाळा. वजन जितकं जास्त तितका धक्का कमी. दिवसभर दलदलीतून वाहायची कटकट होते, ती सोसायची. काडतूसही तीन इंच लांबीचंच हवं असं नाही. पक्षी जवळ येऊ दिलात तर पावणेतीन इंची पुरतं.

एच-१बी व्हिसावर असाल तर आधी शिकारीचा परवाना काढा. त्याशिवाय बंदूक बाळगणं सहसा गुन्हा ठरतो.