रुळांखालून पाण्याची लाइन न्यायची असेल तर आधी रेल्वेची हद्द शोधा

ताई, तुमची सोसायटी फुरसुंगीला, पाण्याची मोठी लाइन रुळांपलीकडे आणि कंत्राटदार म्हणतोय की नकाशा दिला की पंधरा दिवसांत परवानगी. वाचलं आणि राहवेना. मांजरीत आमचं हेच झालं होतं. आम्हाला १९ महिने लागले.

अर्ज कुठे, फी किती, हे तुम्हाला कळेलच. मी फक्त हद्दीबद्दल लिहितो, कारण आम्ही तिथेच बुडालो.

रेल्वेची जागा रुळांलगतच्या कुंपणाला संपते, असं आम्ही धरून चाललो. नकाशात केसिंग पाइप, म्हणजे पाण्याची लाइन ज्याच्या आतून जाते तो बाहेरचा पाइप, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत दाखवला. पाहणीला आलेले एक साहेब मात्र कुंपण सोडून थेट आमच्या बाजूच्या घाणेरीत शिरले. काठीने गवत बाजूला केलं, तर जमिनीतून वीतभर वर आलेला, गंजलेला जुन्या रुळाचा तुकडा. "हद्द ही," एवढंच म्हणाले. कुंपणापासून तो माझ्या २२ पावलांवर होता. केसिंग रेल्वेच्या पूर्ण हद्दीतून जायला हवं. म्हणजे मशीनने पाइप ढकलायला जो खड्डा आम्ही दाखवला होता, तोच रेल्वेच्या जागेत. मागे सरकवायचा तर शेजाऱ्याच्या उसात. मग त्याची संमती, नवा नकाशा, नवा खर्च आणि फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर.

त्यानंतर एका कार्यालयात, नाव घेत नाही, ती फाइल पाच महिने पडून होती. पाहणीच्या टिपणावर एका विभागाची सही राहिली होती, बस. दर सोमवारी जायचो, दर सोमवारी "प्रोसेसमध्ये आहे". कोणी फाइल उघडून पाहिलीच नव्हती. एक फोन आला असता तर दोन दिवसांत सही आणली असती. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर एक दिवसाआड यायचा, लिफ्ट बंद असली की सत्तरीतल्या बायका तिसऱ्या मजल्यावर कळश्या चढवायच्या. आजही आठवलं की संताप होतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: नकाशा काढण्याआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. पैसे जातात, पण वाचतात त्याहून जास्त. पाहणी कंत्राटदाराच्या माणसावर सोडू नका, स्वतः उभ्या राहा. इंजिनियरिंग, सिग्नल आणि ओव्हरहेड वायरवाले वेगवेगळे विभाग आहेत. ज्यांची माणसं आली असतील त्यांच्या सह्या टिपणावर त्याच दिवशी, तिथेच घ्या. जे आले नाहीत त्यांची नावं लिहून ठेवा आणि त्यांच्या मागे लागा. जागा सांगताना "फाटकाजवळ" असं लिहू नका. विजेच्या खांबांवर किलोमीटर आणि नंबर रंगवलेला असतो, तोच द्या. त्या कागदांत तीच भाषा चालते.

परवानगी हातात नसताना कंत्राटदाराला कुदळही मारू देऊ नका. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठी भीती जमिनीखालच्या सिग्नलच्या केबलची. ती तुटली तर गाड्या अडतात.

आणखी एक, सभासदांना आधीच सांगून ठेवा: वे-लीव्हने, म्हणजे रेल्वेच्या या परवानगीने, जागेवर हक्क मिळत नाही, ती फक्त पाइप नेण्याची मुभा असते. उद्या रेल्वेला तिथे नवी लाइन टाकायची झाली तर पाइप हलवायचा खर्च सोसायटीवर येऊ शकतो. आमच्याकडे सर्वसाधारण सभेत यावरून फार वाद झाला.

मी इंजिनियर नाही, सोसायटीचा माजी सचिव आहे. आमचं काम पुणे-दौंड लाइनवर होतं, तुमच्याकडे मिरज लाइन आहे, त्यामुळे दर आणि अटी रेल्वेकडूनच लेखी घ्या. पण या रविवारी कंत्राटदाराला घेऊन कुंपणाच्या बाहेरून चाला, हद्दीची खूण शोधा. पावसाळ्यानंतर गवत माजलं की ती सापडत नाही.