सूर्याच्या सर्वात जवळचा ग्रह कोणता? त्याची थोडी माहिती मिळेल का?

बुध. सूर्यापासून सरासरी ५.८ कोटी किमी. व्यास ४,८७९ किमी, म्हणजे आठ ग्रहांत सगळ्यात लहान. चंद्र एकही नाही.

सर्वात जवळ म्हणून सर्वात तापलेला, असं पुष्कळांना वाटतं. पण तो मान शुक्राचा, कारण त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइडची जाड गोधडी आहे. बुधावर वातावरण जवळजवळ नाहीच, त्यामुळे उष्णता टिकत नाही. दिवसा ४३० अंश सेल्सिअस, तर रात्री उणे १८० पर्यंत घसरण! ध्रुवांजवळच्या काही विवरांत ऊन कधीच पोचत नाही आणि तिथे चक्क बर्फ आहे.

खरी गंमत कालगणनेत आहे. सूर्याभोवतीची फेरी ८८ दिवसांत उरकते, पण स्वतःभोवती फिरायला सुमारे ५९ दिवस लागतात. या दोन्हींचा मेळ असा बसतो की एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत आपले १७६ दिवस जातात. म्हणजे एका दिवसात दोन वर्षं! तिथे वाढदिवस रोजचेच, तेही दोन-दोन.

तिथल्या विवरांना कलावंत-साहित्यिकांची नावं देतात. त्यांत वाल्मीकी, व्यास आणि कालिदासही आहेत.

साध्या डोळ्यांनी दिसतो, पण सूर्याला फारसा सोडत नाही. सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी थोडा वेळ, क्षितिजालगत शोधा. शहरात इमारती आड येतात, गच्ची किंवा समुद्रकिनारा बरा. दुर्बिणीने शोधणार असाल तर सूर्य पूर्ण मावळल्यावरच.