कवितेमागची हकीकत सांगावी का?

तुमचा प्रश्न असा आहे : ‘मी स्वतःच्या अनुभवांवर कविता लिहितो. त्या इतरांना देताना मागचा खरा अनुभवही सांगावा, की नुसती कविता द्यावी? आणि त्या कुठे द्याव्यात?’

अनुभव सांगावा, असे माझे ठाम मत आहे. ते कसे झाले हे जरा सविस्तर लिहिते.

मी सोलापूरची. माझ्या आईने उमेदीची सगळी वर्षे विड्या वळल्या. तेंदूची पाने रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, सकाळी ती कात्रीने मापात कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरत विडी वळायची, तिचे तोंड नखाने दुमडायचे, दोऱ्याचे वेढे द्यायचे आणि सगळा माल कारखान्यात नेऊन मोजून द्यायचा. मजुरी हजार विड्यांवर ठरलेली असे. तपासणाऱ्याने खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे काहीही मिळत नसे. आमच्या पांघरुणांना, भाकरीच्या टोपलीला, माझ्या शाळेच्या वह्यांना तंबाखूचा वास येई. त्या वासावर मी कविता लिहिली. तिच्यातल्या दोन ओळी अशा आहेत :

तुझ्या बोटांचा वास माझ्या वहीला येतो,
शेवटचा वेढा तू कुणासाठी राखून ठेवतेस?

एका कविसंमेलनात ही कविता वाचायला उभी राहिले आणि ‘माझी आई विड्या...’ एवढेच म्हणाले, तोच सूत्रसंचालन करणाऱ्या ज्येष्ठ कवींनी मला सर्वांसमक्ष थांबवले. ‘ताई, कवितेलाच बोलू द्या. हकीकत नको.’ मी नुसती कविता वाचली. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी एका गृहस्थांनी माझ्या कवितेतला शृंगार किती संयत आहे हे मला समजावून सांगितले, तर दुसऱ्या एका कवयित्रीने ‘वेढा’ म्हणजे मिठी, हे आपल्याला लगेच कळल्याचे आनंदाने सांगितले. ती माणसे मन लावून ऐकणारी होती, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी विडी वळताना कुणाला पाहिलेच नव्हते, मग दोऱ्याचा वेढा त्यांना कुठून दिसणार?

त्या ज्येष्ठांशी मी नंतर बोलले. त्यांचे म्हणणे असे की चांगल्या कवितेला टेकू लागत नाही; बहिणाबाईंनी कुठे प्रस्तावना केली होती? तेव्हा दिले नाही ते उत्तर आता देते. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव चौधरी आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतली म्हणून टिकली. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या आणि 1952 मध्ये संग्रह निघाला, तो आचार्य अत्र्यांची प्रस्तावना घेऊनच. खानदेशातल्या या शेतकरी बाईचे आयुष्य, तिचे वैधव्य, तिचे कष्ट वाचकांना गाण्यांबरोबरच कळले. त्यामुळे गाण्यांची किंमत कमी झाली असे कोणी म्हणेल का?

‘कवितेलाच बोलू द्या’ हा नियम त्यांनाच परवडतो, ज्यांचे जगणे सभागृहाला आधीपासून ठाऊक असते. पाऊस, चांदणे, रेल्वे फलाटावरची ताटातूट यांची ओळख करून द्यावी लागत नाही, कारण ऐकणाऱ्याने ते भोगलेले असते. जात्यावरच्या ओवीलाही हकीकत लागत नसे, कारण समोर खुंटा धरून बसलेल्या बाईला ओवी गाणारीचा सासुरवास माहीतच असायचा.

याचा पडताळा मला कुंभारीत आला. सोलापूरजवळच्या या गावात कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार महिलांसाठी 10,000 घरांची वसाहत झाली. 2006 मध्ये तिथे घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. तिथल्या एका घरात, आईच्या मैत्रिणी जमल्या असताना, मी तीच कविता प्रस्तावनेशिवाय वाचली. दोऱ्याची ओळ संपायच्या आतच एका मावशींच्या हाताने हवेत वेढा घेतला. मग त्या म्हणाल्या, ‘नखाचं का नाही लिहिलंस गं? तोंड दुमडून दुमडून नख झिजतं आमचं.’ दुसरीने खोकल्याबद्दल विचारले. माझ्या कवितेची इतकी नेमकी समीक्षा दुसऱ्या कोणीही केलेली नाही आणि नखाची ओळ मी पुढे कवितेत घातली. तेव्हा हकीकत सांगायची की नाही, हे समोर कोण बसले आहे त्यावरून ठरते.

तुकोबांनीसुद्धा स्वतःची हकीकत एका अभंगात सांगितली आहे : दुष्काळात पैसा गेला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करीत मेली. हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारले म्हणून सांगतो, असेही ते त्यातच म्हणतात. मला हा संकोचही पटतो आणि सांगणेही पटते. विचारणारा आपुलकीने विचारत असेल तर लपवण्यासारखे त्यात काय आहे?

आता काही पथ्ये. हकीकत दोन-तीन वाक्यांची असावी. कवितेपेक्षा लांब झाली तर ऐकणारा कवितेपर्यंत पोहोचताना थकतो. कवितेचा अर्थ मात्र सांगू नये, फक्त प्रसंग सांगावा. आणि अनुभव एकट्या तुमचा नसेल तर त्यातल्या माणसाला आधी विचारावे. मी आईला विचारले होते. तिने सगळे सांगायला परवानगी दिली, फक्त कारखान्याचे नाव आणि घरातली एक देण्याघेण्याची गोष्ट वगळायला सांगितली. ती मी वगळते. ज्या कवितांत दुसऱ्याची अब्रू गुंतली आहे, विशेषतः प्रेमाच्या, त्यांना माझे वरचे मत लागू करू नका.

कुठे द्याव्यात, याबद्दल थोडेच सांगते. समाजमाध्यमांवर टाकलेली कविता अनेक दिवाळी अंक आणि स्पर्धा ‘पूर्वप्रकाशित’ धरतात, त्यामुळे अंकाला पाठवायची कविता तिथे टाकण्यापूर्वी त्यांची अट वाचून घ्या. कविता लिहिली की हक्क तुमचाच असतो, त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही; पण व्हॉट्सअ‍ॅपवर नाव गळून कविता फिरते, म्हणून नाव शेवटी एकटे न ठेवता शीर्षकाच्या ओळीतच लिहा.